पाच लाखांचं कार्ड आणि एकशेवीस रुपयांची पावती

मंडळी, ३१ मे जवळ आला की आपल्या गावात हार-नारळवाल्यांचा धंदा वाढतो. कारण सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला असतो. आईला आठवायचं ते एवढंच, की पोरगं दुष्काळाच्या आदल्या साली झालं. मग शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी हिशोबाला सोपी म्हणून १ जून ही तारीख टाकून दिली. त्या एका तारखेने हजारो माणसं एकाच दिवशी म्हातारी होतात. १ जूनवाल्यांची नोकरी ३१ मेला संपते, आणि त्या आठवड्यात मला रोज दोन-तीन सेवापूर्ती समारंभांची आमंत्रणं येतात.

मी जातो. फोटो काढतो, चार ओळींची बातमी लावतो. सपत्नीक सत्कार, शाल, श्रीफळ, फेटा, 'यांनी आयुष्यभर निष्कलंक सेवा केली', मग जेवण. वीसेक वर्षं हेच बघतोय. पीएफ किती आला, ग्रॅच्युइटी किती, घराचा वरचा मजला बांधणार का, चारधाम कधी, या सगळ्यावर त्या मांडवात चर्चा होते. पण 'उद्यापासून तुमच्या गोळ्यांचं काय?' हे विचारलेलं मी एकदाही ऐकलं नाही. मीही कधी विचारलं नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण घरात पंचावन्नच्या पुढचं कोणी नोकरीत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आमच्या गल्लीत एक तात्या आहेत. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. आपल्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं मशीनवर. शेवटचा पगार सतरा हजार. ३१ मे २०२४ ला रिटायर झाले. कारखान्याने चांगला कार्यक्रम केला, मालक स्वतः आले होते. काकूंना साडी दिली. काकूंना दहा वर्षांपासून शुगर आणि बीपी, तात्यांना स्वतःला बीपी. दोघांची औषधं ईएसआयच्या दवाखान्यातून यायची, कारण तात्यांच्या पगारातून ईएसआय कापला जायचा. रिटायर झाल्यावरही जूनमध्ये औषधं मिळाली, जुलैत मिळाली, दिवाळीत मिळाली. तात्यांना वाटलं, चला, हे कायमचं आहे. जानेवारीत काकू गेल्या तर खिडकीतल्या माणसाने सांगितलं, "आजी, तुमचं कार्ड बंद झालंय."

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण फसगत इथेच होते. ईएसआयची वर्गणी आणि लाभ यांचं चक्र सहा-सहा महिन्यांचं असतं. ऑक्टोबर ते मार्च जी वर्गणी कापली गेली, तिच्या जोरावर जुलै ते डिसेंबर लाभ मिळतो. त्यामुळे नोकरी सुटल्या दिवशी कार्ड मरत नाही, पुढे काही महिने जिवंत राहतं. माणूस निर्धास्त होतो. आणि मग एका महिन्यात, कोणतंही पत्र न येता, ते बंद पडतं.

त्यानंतर सात महिने तात्या मेडिकलमधून औषधं आणत होते. दोघांची मिळून महिन्याला दोन हजारांच्या आसपास. पेन्शन किती, तर ईपीएस-९५ची तीन हजारांच्या घरात. आता हिशोब तुम्हीच करा. काकूंनी तो त्यांच्या पद्धतीने केला होता. शुगरची गोळी त्या दिवसाआड घ्यायला लागल्या होत्या आणि तात्यांना सांगत होत्या की डॉक्टरांनीच कमी केलीय. पायाला जखम झाली, भरेना, तेव्हा हे बाहेर आलं.

तात्या माझ्याकडे आले ते वेगळ्याच कामासाठी. त्यांना पाच लाखांचं कार्ड काढायचं होतं. म्हणाले, "तू पेपरवाला आहेस, तूच छापलं होतंस ना, सगळ्यांना पाच लाख फुकट म्हणून? मग काकूच्या गोळ्या त्यातनं मिळतील का बघ की."

मी छापलं होतं हे खरं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्यांना लागू झाली. आधी पिवळ्या-केशरी रेशनकार्डाची अट होती, दीड लाखाची मर्यादा होती. आता पांढरं कार्डही चालतं आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. बातमी मोठी होती, फोटोसकट लावली. नंतर २९ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड आलं, सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न काहीही असो. तीही बातमी लावली. दोन्ही योजना चांगल्या आहेत, उगाच नावं ठेवायची नाहीत. आपल्याच तालुक्यातल्या माणसांची हृदयाची ऑपरेशनं, केमोथेरपी, डायलिसिस या योजनेत झालेलं मी बघितलंय. ज्या घराने पूर्वी दोन एकर विकले असते ते घर वाचलंय.

पण या योजना खाटेच्या आहेत. म्हणजे माणूस योजनेतल्या हॉस्पिटलात दाखल झाला, ठरलेल्या यादीतला उपचार झाला, तर पैसे सरकार भरतं. शुगरची रोजची गोळी, तीन महिन्यांनी करायची रक्ततपासणी, बीपीचं औषध, डॉक्टरची फी, हे त्यात बसत नाही. काकूंची गोळी बसत नाही. काकूंनी गोळी सोडली, पाय सडला, आणि तो कापायची वेळ आली, तर मग योजना धावून येईल. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. योजनेची रचनाच तशी आहे आणि सरकार ते लपवतही नाही. आपण बातमीत लिहीत नाही एवढंच. मी लिहिलं नव्हतं.

मग तात्यांना मी विचारलं, "ईएसआय चालू ठेवायचा अर्ज केला होता का?" ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

आता नीट वाचा. ईएसआयचा केंद्रीय नियम ६१ असा आहे: विमाधारक कामगार निवृत्तीचं वय होऊन नोकरीतून बाहेर पडला, किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली, किंवा मुदतीआधी निवृत्त झाला, आणि तोपर्यंत किमान पाच वर्षं तो विमाधारक होता, तर त्याला आणि त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला वैद्यकीय लाभ पुढे चालू ठेवता येतो. त्यासाठी भरायचे महिन्याला दहा रुपये. एक वर्षाचे एकदम, आगाऊ. म्हणजे १२० रुपये.

वर्षाला एकशेवीस. चुकून शून्य कमी पडलेलं नाही. तात्या नोकरीत असताना पगाराच्या पाऊण टक्का कापला जायचा, म्हणजे सतरा हजारांवर महिन्याला सव्वाशेच्या वर. मालकाचे सव्वातीन टक्के वेगळे. बावीस वर्षं हे पैसे गेले. निवृत्तीनंतर दोघांसाठी जी रक्कम पूर्ण वर्षाला मागितली जाते, ती तात्यांच्या एका महिन्याच्या कपातीपेक्षाही कमी आहे. आणि ही सोय गोळ्यांची आहे. दवाखान्यातली तपासणी, रोजची औषधं, सगळं. फक्त मुलं त्यात नाहीत, जोडीदार आहे.

ही बातमी मी वीस वर्षांत एकदाही छापलेली नाही. कारण तिचं उद्घाटन कोणी करत नाही. १२० रुपयांच्या पावतीचं मोठं कटआउट धरून कोण फोटो काढणार?

तात्यांना घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेलो. तिथल्या बाई बोलायला चांगल्या होत्या, काम समजावून सांगितलं. अडलं ते कारखान्याच्या दाखल्यावर. कामगार वय पूर्ण होऊन निवृत्त झाला, असं मालकाकडून लिहून लागतं. तात्यांकडे कार्यक्रमाची पत्रिका होती, मालकाबरोबरचा फोटो होता, मानपत्र फ्रेम करून घेतलेलं होतं. दाखला नव्हता. पोर्टलवर तर कारखान्याने नोकरी सोडल्याचं कारण भलतंच भरलेलं. त्या एका कारणासाठी आम्ही तीन वेळा कारखान्यात खेटे घातले. पहिल्यांदा एचआरचा माणूस रजेवर, दुसऱ्यांदा नवीन माणूस आलेला आणि त्याला काही माहीत नाही, तिसऱ्यांदा मी पत्रकार आहे हे सांगावं लागलं. याचा मला आनंद नाही. ज्याच्या गल्लीत पत्रकार राहत नाही त्याने काय करायचं?

तिसऱ्या दिवशी तो नवीन पोरगा मला म्हणाला, "सर, पाच वर्षांत हा दाखला मागणारे तुम्ही पहिलेच." तो फाइल बघून सांगत होता. त्या पाच वर्षांत त्या एकाच कारखान्यातून किती माणसं रिटायर झाली असतील? मी सत्कारांना गेलोय त्यांच्या.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हा अर्ज माणसाने करायचाच कशाला? निवृत्तीची तारीख कारखान्याला माहीत, महामंडळाला जन्मतारीख माहीत, मोबाइल नंबर त्यांच्याकडे आहे. वर्गणी भरली गेली की मेसेज येऊ शकतो, तर कार्ड बंद होणार असल्याचा मेसेज का येऊ शकत नाही? पीएफचे कागद देतानाच दाखला आणि अर्ज एका पाकिटात घालून द्यायला कारखान्याचा किती वेळ जातो? शेवटच्या पगारातून १२० रुपये कापून पहिल्या वर्षाचे भरून टाकले तर एकही कामगार तक्रार करणार नाही. आपल्या एमआयडीसीतल्या युनियन बोनससाठी गेटवर बसतात, बसलंच पाहिजे. पण त्यांच्या मागण्यांच्या कागदावर ही ओळ मी अजून बघितलेली नाही. साधी ओळ आहे, पैसेही लागत नाहीत.

बुलढाण्यात ईपीएस-९५ चे पेन्शनधारक २०१८ च्या डिसेंबरपासून साखळी उपोषणाला बसले. साडेसात हजार पेन्शन आणि नवरा-बायकोला मोफत औषधोपचार, अशी त्यांची मागणी. ती मान्य झाली तर सोन्याहून पिवळं. पण ज्यांचा ईएसआय कापला गेला होता त्यांच्यापुरता औषधोपचाराचा अर्धा तुकडा नियमात आधीच आहे, आणि तो माहितीअभावी वाया जातोय. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

आता काही अडचणी, ज्या मला गेल्या महिनाभरात लोकांशी बोलताना समजल्या.

ईएसआयची पगारमर्यादा महिन्याला २१,००० आहे, १ जानेवारी २०१७ पासून तीच. पगार वाढून त्याच्यावर गेला की माणूस योजनेबाहेर. पंधरा-पंधरा वर्षं वर्गणी भरलेले लोक शेवटच्या तीन-चार वर्षांत पगारवाढीमुळे बाहेर पडले आणि रिटायर होताना हात रिकामे. यांच्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसआय महामंडळाने निर्णय घेतला: १ एप्रिल २०१२ नंतर किमान पाच वर्षं विमाधारक असलेले, १ एप्रिल २०१७ ला किंवा नंतर निवृत्त झालेले, आणि निवृत्त होताना पगार ३०,००० पर्यंत असलेले, यांनाही लाभ द्यायचा. असं कोणी घरात असेल तर शाखा कार्यालयात जाऊन लेखी विचारा. तोंडी विचारलं की तोंडी नाही म्हणतात.

कंत्राटी कामगारांचं वेगळंच. ठेकेदार बदलला की काही जण नवीनच विमा नंबर काढून देतात. एकाच माणसाचे तीन नंबर, प्रत्येकावर दोन-दोन वर्षं. मग पाच वर्षं दिसणार कुठून? तुमचा दहा आकडी नंबर आहे तोच पुढच्या ठेकेदाराला द्या, आणि जुने असतील तर नोकरीत असतानाच जोडून घ्या. रिटायर झाल्यावर जुना ठेकेदार सापडत नाही.

आणि साखर कारखानेवाल्यांनो, तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. कायद्याने साखर कारखाना हंगामी धरलाय, ईएसआय त्याला लागू नाही. त्यामुळे तुमच्यासाठी ही १२० रुपयांची वाट नाही. तुमच्या वाट्याला फुले योजना, नंतर सत्तरीला वय वंदना, आणि मधल्या काळात सरकारी दवाखाना. ग्रामीण रुग्णालयात शुगर-बीपीची नोंद करून गोळ्या मिळतात. कधी संपलेल्या असतात, त्याच्या बातम्या मी लावतोच, पण नाव नोंदवून ठेवा.

केंद्र सरकारच्या नोकरीतल्यांना, पोस्टातले वगैरे, सीजीएचएस आहे. दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरली की नवरा-बायको आयुष्यभर मोकळे. तुमच्या वेतनस्तरानुसार ३०,००० ते १,२०,००० रुपये. पण दवाखाना पुण्या-मुंबई-नागपूरसारख्या शहरात आणि तुम्ही राहणार इथे. बीपी मोजायला कोण पुण्याला जाणार? अशांना महिना १,००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता घेता येतो, आणि दाखल होण्यापुरतं सीजीएचएस कार्ड ठेवता येतं. हे दोन्ही एकत्र चालतं हे आपल्या गावातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी कळलं. तेही एका लग्नात.

कंपनीचा खासगी मेडिक्लेम असलेल्यांसाठी एकच वाक्य. शेवटच्या दिवसाच्या आधी त्याच विमा कंपनीकडे स्वतःच्या नावावर पॉलिसी करून मागा, म्हणजे जुन्या आजारांच्या प्रतीक्षेचे झालेले महिने वाया जात नाहीत. महिनाभर आधी बोलणं सुरू करा.

फुले योजनेला रेशनकार्ड आणि आधार लागतं. इथे आपल्या घरांमधली एक गंमत आहे. पोरं वेगळी झाली, रेशनकार्ड वेगळी झाली, आणि या फाटाफुटीत म्हातारा एकाच्या कार्डावर, म्हातारी दुसऱ्याच्या, कधी कुणाच्याच नाही. कधी आधारवर 'लक्ष्मीबाई' आणि रेशनला 'लक्ष्मी'. हे सगळं आजारी पडल्यावर सुरू केलं तर पेशंट हॉस्पिटलात आणि पोरगा तहसीलच्या लायनीत. हात-पाय चालतायत तोवर करा. आणि योजनेतलं हॉस्पिटल कोणतं ते आधी विचारून ठेवा, कारण आपल्या गावातली सगळी हॉस्पिटलं त्यात नाहीत. फुले योजनेचा नंबर १५५३८८, आयुष्मानचा १४५५५. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, दाखल होण्याआधी त्याला भेटा, बिल झाल्यावर नाही.

वय वंदना कार्डाला आधारवरचं वय धरतात. आता परत हेडमास्तर आठवा. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५५ आणि आधारवर भलतंच साल, असे किती तरी जण आहेत. आधार काढणाऱ्या पोराने अंदाजाने वय टाकलेलं. माणूस खरा सत्तरीचा, कागदावर पासष्टचा, म्हणजे पाच वर्षं थांबा. आधारची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, त्यामुळे दाखला हातात घेऊनच जा. ईएसआय चालू असला तरी वय वंदना काढता येतं. सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असलेल्यांना मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं.

काही जण म्हणतील, ईएसआयचा दवाखाना म्हणजे काय सांगताय राव, रांगा असतात, औषधं नसतात, डॉक्टर बारानंतर गायब. खरं आहे. मी स्वतः त्यावर लिहिलंय आणि परत लिहिणार आहे. पण मेडिकलच्या काउंटरवर रांग नसते कारण तिथे पैसे लागतात. तीन हजार पेन्शनमध्ये दोन हजारांच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला रांग परवडते.

आम्हा तालुका पातळीवरच्या पत्रकारांचं विचाराल तर आम्हाला ना ईएसआय, ना निवृत्ती. मानधन मिळतं तोवर लिहायचं. त्यामुळे यात माझा स्वतःचा काही फायदा नाही, झाला तर मत्सरच आहे थोडा.

यंदापासून मी एक ठरवलंय. सेवापूर्ती समारंभाची बातमी लावून हवी असेल तर फोटोबरोबर मी एक प्रश्न विचारणार: यांना निवृत्तीचा दाखला दिला का? दिला असेल तर तसं बातमीत छापणार. नसेल दिला तर तेही. काही आमंत्रणं कमी होतील, जेवणं बुडतील, चालेल.

तात्यांचं काम झालं. काकूंचा पाय वाचला, जखम भरत आलीय, गोळ्या रोज चालू आहेत. परवा तात्या पावती दाखवायला आले होते. लॅमिनेट करून आणलेली.

म्हटलं, "तात्या, एक वर्षाची पावती आहे ही. पुढच्या वर्षी परत भरायचेत पैसे, लॅमिनेशन कशाला?"

"किती लागले लॅमिनेशनला?" काकूंनी आतून विचारलं.

"वीस."

"म्हणजे दोन महिन्यांची वर्गणी घालवली की हो."